दिसतं एकसारखं, जुळत मात्र नाही : ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’चा पुन्हा पुन्हा उघडणारा इश्यू

बडोद्यात राहून मी मराठी मजकुरावर काम करणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, सांभाळते. तिची कामं तीनच : आलेला मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणं, शोधासाठी त्याची किल्ली, म्हणजे जुळवून बघायचं रूप, बनवणं, आणि देवनागरीचं गुजराती लिपीत रूपांतर करणं. नोकरी वेगळी आहे, हे संध्याकाळचं काम. यातला एक इश्यू, म्हणजे दोषाची नोंदवलेली तक्रार, मी दर दोन-तीन महिन्यांनी बंद करते आणि तो नव्या माणसाच्या नावाने, नवा शब्द घेऊन परत उघडतो. कधी ‘दऱ्या’ शोधून सापडत नाही, कधी ‘ॲड्रेस’ नावाचा रकाना दोनदा दिसतो, कधी गुजरातीत छापलेल्या कागदावर आडनावाच्या मधोमध चौकोन येतो. प्रत्येक वेळी ‘डुप्लिकेट’ लेबल लावून मी जुन्या चर्चेचा दुवा देते. ती चर्चा आता इतकी लांबली आहे की नव्याने आलेल्या माणसाला तिच्यातून वाट सापडत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

मागच्या गणपतीतली गोष्ट सांगते, कारण तेव्हा हे सगळे दोष एकदमच समोर आले. दांडिया बाजाराच्या बाजूच्या एका मंडळाने वर्गणीच्या पावत्यांसाठी ही लायब्ररी वापरली होती. सभासदांची यादी देवनागरीत आणि पावती गुजरातीत, अशी त्यांची मागणी. इथल्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं गुजराती माध्यमात शिकली आहेत. घरात मराठी बोलतात, पण कागद हातात आला की गुजराती लवकर वाचतात. वर्गणी देणाऱ्यांत गुजराती शेजारीही असतातच. बऱ्हाणपूरकर आडनावाच्या एका आजोबांनी पावती डोळ्यांजवळ धरली, मला हाक मारली आणि ‘ब’च्या पुढे बोट ठेवलं. तिथे एक रिकामा चौकोन होता, त्याला चिकटून हलन्ताची तिरकी रेघ, आणि मग पुढचं ‘हाणपूरकर’. ‘पोरी, आमचं नाव इथं तुटलंय,’ एवढंच ते म्हणाले. थोड्या वेळाने खजिनदारकाकांनी लॅपटॉपवर त्यांचंच नाव देवनागरीत टाइप करून शोधलं, तर ‘नोंद नाही’. यादीत नाव समोर दिसत होतं, शोधाच्या चौकटीत तेच नाव दिसत होतं, आणि यंत्र म्हणत होतं की हे दोन शब्द वेगळे आहेत. यंत्राचं म्हणणं खरं होतं.

आधी आकडे बघा

हा दोष डोळ्यांना सापडत नाही. न जुळणारे दोन्ही शब्द घ्या आणि त्यांचे कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड या सामाईक मानकाने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक, छापा. पायथनमध्ये शब्दाच्या एकेका चिन्हावर ‘ऑर्ड’ चालवून उत्तर हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायातल्या आकड्यांत, काढा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘कोडपॉइंटॲट’ आहे. देवनागरीचा पट्टा ०९०० पासून ०९७एफ पर्यंत जातो. या पट्ट्याबाहेरचा आकडा शब्दाच्या मध्येच दिसला की तिथे थांबा.

‘बऱ्हाणपूरकर’मधला ‘ऱ्ह’ तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. पहिल्या तऱ्हेत ऱ (०९३१), हलन्त (०९४डी) आणि ह (०९३९) असतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की हाच ऱ उमटतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र (०९३०), त्याच्यामागे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब (०९३सी), मग हलन्त आणि ह. असं हाताने सहसा कुणी लिहीत नाही. मजकूर मोडून साठवणाऱ्या प्रणालीतून किंवा जुन्या डिस्कवरच्या फाइलनावांमधून ते येतं. तिसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग २००डी क्रमांकाचं अदृश्य जोडचिन्ह आणि शेवटी ह. या अदृश्य चिन्हाला आम्ही सगळे झेडडब्ल्यूजे म्हणतो. बरेच ध्वन्यात्मक कीबोर्ड ही तिसरी तऱ्हा देतात, आणि युनिकोडला पहिली आणि तिसरी दोन्ही मान्य आहेत. पडद्यावर तिन्हींचा आकार तोच : ‘र’ची ती पापणीसारखी रेघ.

लांबी मोजून खात्री करून घ्यायची सवय इथे दगा देते. पहिल्या तऱ्हेने लिहिलेल्या ‘बऱ्हाणपूरकर’ची लांबी ११ भरते, दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेने १२. आणि ज्यातला ‘ऱ’ गेला आणि ‘ह’च्या डोक्यावर रफार चढला, त्या तुटक्या ‘बर्हाणपूरकर’ची लांबीही ११च. दोन शब्दांची लांबी सारखी आली म्हणून ‘माझा डेटा ठीक आहे’ असं इश्यूत लिहिणारे पुष्कळजण असतात. त्यांना दोष देता येत नाही, पण ही तपासणी पुरेशी नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो : एनएफसी, म्हणजे समान रूपं एका रूपात आणणारी युनिकोडची ठरलेली प्रक्रिया, चालवलं की सगळं सुटत नाही का? अर्धं सुटतं. युनिकोडच्या कोष्टकात ऱ आणि ‘र अधिक नुक्ता’ हे समान मानलेले आहेत, त्यामुळे एनएफसी दुसरी तऱ्हा पहिलीत आणून देतं. कुणी हलन्त आधी आणि नुक्ता नंतर असा उलटा क्रम लावला असला तरी तो क्रमही नीट करतं, कारण चिन्हांचा क्रम ठरवणाऱ्या युनिकोडच्या वर्गवारीत नुक्त्याचा वर्ग ७ आहे आणि हलन्ताचा ९, आणि एनएफसी खालच्या वर्गाचं चिन्ह पुढे आणतं. तिसऱ्या तऱ्हेला मात्र ते हात लावत नाही. झेडडब्ल्यूजेवाली जोडणी त्या कोष्टकात नाही. ती पुढे कधी येणारही नाही, कारण एकदा ठरलेली समानता बदलायची नाही असं युनिकोडचं स्थैर्याचं धोरण आहे, आणि ते योग्यही आहे. नाहीतर जगभरच्या डेटाबेसमधल्या किल्ल्या दरवर्षी बदलल्या असत्या. तेव्हा ‘हे युनिकोडनेच दुरुस्त करावं’ म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. हे काम आपल्याच दारात आहे.

झेडडब्ल्यूजे कुठे मरतं

वर्षभर मला वाटत होतं की मूळ त्रास तीन तऱ्हांचा आहे. तो आहेच, पण मोठा घात वेगळीकडे होतो. वेबवरच्या फॉर्ममध्ये भरलेला मजकूर आत घेताना बहुतेक जण ‘अदृश्य चिन्हं’ साफ करतात. हेतू चांगला असतो : कुठून तरी चिकटवलेल्या मजकुरात नको ती चिन्हं येतात, ती काढायची असतात. ही सफाई झेडडब्ल्यूजेलाही कचरा समजते. र, हलन्त, झेडडब्ल्यूजे, ह यातून झेडडब्ल्यूजे उचललं की उरतं र, हलन्त, ह. म्हणजे रफार. एरर नाही, चौकोन नाही, इशारा नाही. ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ होतं आणि तसंच साठवलं जातं. मंडळाच्या यादीतली काही नावं अशीच बिघडली होती.

मराठीत झेडडब्ल्यूजे इतरत्रही येतं. ‘क्ष’ जोडून न दाखवता अर्धा क आणि ष असा दाखवायचा असेल तर ते वापरतात. तिथून ते काढलं तर नुसता आकार बदलतो, अक्षर तेच राहतं. ‘र्’च्या मागचं झेडडब्ल्यूजे काढलं तर अक्षरच बदलतं. हा फरक लक्षात घेतला की उपाय आपोआप समोर येतो : सफाई करा, पण तिच्या आधी एक पायरी घाला. मजकूर आत येताच सर्वांत आधी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ हा तुकडा शोधून त्याच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवा. मग एनएफसी. मग उरलेली अदृश्य चिन्हं काढायची असतील तर काढा. सगळा उपाय या क्रमात आहे. माझ्याकडे आलेल्या दुरुस्त्यांमध्ये बहुतेकांनी पहिली पायरी नीट लिहिली होती, पण ती सफाईच्या नंतर ठेवली होती. तोवर झेडडब्ल्यूजे गेलेलं असतं आणि शोधायला काही उरत नाही.

ही पहिली पायरी सगळ्या देवनागरीवर सरसकट चालवू नका. मी ती चूक केली होती. एका नेपाळी वापरकर्त्याने लिहिलं की त्याचे सगळे ‘गर्‍यो’ बदलून गेले. नेपाळीत हा उच्चार लिहिताना झेडडब्ल्यूजेचीच रीत आहे, ऱ तिथे चालत नाही. त्याचं बरोबर होतं. आता ही पायरी भाषा ‘मराठी’ किंवा ‘कोंकणी’ सांगितली असेल तरच चालते. भाषा सांगितलीच नसेल तर लायब्ररी मजकुराला हात लावत नाही. त्यामुळे अपडेट केल्यावरही तुमचा शोध तसाच अडत असेल, तर आधी बघा की कॉन्फिगमध्ये भाषा दिली आहे का. अलीकडे आलेल्या तक्रारींमध्ये हे एक कारण वारंवार निघतं.

जी दुरुस्ती मी मर्ज करणार नाही

दर काही महिन्यांनी एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मर्ज करा (सामावून घ्या) अशी विनंती, येते. चार ओळींची, नीटनेटकी, सगळ्या टेस्ट हिरव्या. तिचं म्हणणं असं : ऱ आणि र यांच्यात फरकच कशाला ठेवायचा? शोधाच्या किल्लीत सगळे ऱ बदलून र करा, झेडडब्ल्यूजे काढून टाका, प्रश्न मिटला. पाठवणाऱ्याने मनापासून काम केलेलं असतं, म्हणून ‘नाही’ म्हणताना कारण नीट सांगणं माझं कर्तव्य आहे.

सुरुवातीच्या एका आवृत्तीत ही दुरुस्ती मी स्वीकारली होती, आणि त्याच मंडळाच्या जमाखर्चात तिचा परिणाम निघाला. महाप्रसादाच्या स्वयंपाकासाठी ‘आचाऱ्यास आगाऊ’ अशी एक नोंद होती. त्याच आठवड्यात प्रवचनाला आलेल्या विद्वानांसाठी ‘आचार्यास मानधन’ अशी दुसरी. तपशिलाच्या पहिल्या शब्दावरून बेरीज करणाऱ्या तक्त्याने किल्ली बनवली, दोघांची किल्ली एकच आली, आणि दोन्ही रकमा एका ओळीत जमा झाल्या. हिशेब तपासताना काकांना रक्कम जास्त वाटली, म्हणून ते कळलं. आचारी आणि आचार्य, दऱ्या आणि दर्या हे मराठीतले वेगवेगळे शब्द आहेत. त्यांना वेगळं ठेवणारी खूण फक्त ती एक रेघ आहे. शोध सोपा व्हावा म्हणून ती पुसायचा हक्क लायब्ररीला नाही.

ज्याला ऱ टाइप करता येत नाही त्याची अडचण मात्र खरी आहे. मोबाइलच्या कीबोर्डवर तो कुठे दडलाय हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणून आता दोन किल्ल्या आहेत. घट्ट किल्लीत ऱ आणि र वेगळे राहतात. समानता, बेरीज, डुप्लिकेट शोधणं हे सगळं फक्त तिच्यावर. सैल किल्लीत ते एक होतात, आणि ती फक्त एकाच वेळी वापरायची : घट्ट किल्लीने काहीच सापडलं नाही तर ‘तुम्हाला हे हवं होतं का?’ म्हणून जवळची नावं दाखवायला. निवड माणसाने करायची. तुमच्या कोडमध्ये सैल किल्लीवर गट पाडले जात असतील तर ते आजच थांबवा.

गुजरातीतला चौकोन

आजोबांच्या पावतीवरचा चौकोन या सगळ्यापेक्षा वेगळ्या कारणाने आला होता. बडोद्यात, सुरतेत, नवसारीत ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

युनिकोडमधले भारतीय लिप्यांचे पट्टे १९८८ च्या इस्की या जुन्या भारतीय मानकाच्या मांडणीवरून आखलेले आहेत, त्यामुळे ते एकमेकांना समांतर आहेत. देवनागरी ०९०० ला सुरू होते, गुजराती ०ए८० ला. अंतर ३८४. म्हणजे देवनागरी ‘क’च्या आकड्यात ३८४ मिळवले की गुजराती ‘क’ मिळतो. पहिल्यांदा हे लक्षात येतं तेव्हा फार आनंद होतो, मलाही झाला होता. ‘ळ’सुद्धा अलगद पलीकडे जातो, कारण गुजरातीलाही स्वतःचा ळ आहे. आमची लायब्ररी सुरू झाली ती याच एका बेरजेवर.

पण समांतर पट्ट्यांत रिकाम्या जागा आहेत. जे अक्षर गुजरातीत नाही त्याची जागा मोकळी सोडली आहे. गुजरातीत ऱ नाही, म्हणून ०९३१ मध्ये ३८४ मिळवले की ०एबी१ येतो आणि तिथे कुठलंच अक्षर नाही. फाँटकडे काढायला काही नाही, तो चौकोन काढतो. फाँट बदलून बघा असा सल्ला इश्यूत बरेच जण देतात. त्याचा इथे काही उपयोग नाही. मंडळाने आरत्यांचं पत्रक गुजरातीत छापलं, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी चौकोन आले. तो दंड, म्हणजे ओळीच्या शेवटची उभी रेघ (।), होता. गुजराती मजकुरातही दंड देवनागरीच्याच पट्ट्यातला, ०९६४ हाच वापरायचा असतो. त्यात ३८४ मिळवायचेच नसतात. तिसरी रिकामी जागा ‘ॲ’ची. ‘बॅट’ नीट उमटते, कारण ॅ ही मात्रा दोन्हीकडे समांतर आहे, पण ‘ॲप’चं पहिलंच अक्षर चौकोन होतं. गुजरातीत हा स्वर आहे, फक्त तो देवनागरीच्या ‘ऍ’समोरच्या जागेवर बसलेला आहे.

तेव्हा बेरीज सोडून द्या आणि कोष्टक वापरा. आताच्या आवृत्तीत तेच आहे : प्रत्येक अक्षरासाठी स्पष्ट जोडी, दंडाला सूट, ॲसाठी गुजरातीतला स्वतःचा स्वर. कोष्टकात नसलेलं अक्षर आलं तर लायब्ररी आता थांबते आणि कोणतं अक्षर, कितव्या जागी, हे सांगते. गुपचूप चौकोन देण्यापेक्षा हे बरं. थांबणं परवडत नसेल तर मूळ देवनागरी अक्षर तसंच ठेवायचा पर्याय आहे.

ऱ चं काय करायचं यावर मी बरेच दिवस अडले होते. शेवटी कोष्टकात त्याच्यासमोर साधा गुजराती र ठेवला, म्हणजे ‘बऱ्हाणपूरकर’ गुजरातीत रफाराने उमटतं. इथले मराठी लोक हातानेही गुजरातीत तसंच लिहितात. पण त्याचा अर्थ असा की परतीचा रस्ता बंद आहे. गुजरातीतून देवनागरीत परत येताना ते नाव ‘बर्हाणपूरकर’ होणार, आणि आधी काय होतं हे कुणालाही सांगता येणार नाही. आमच्याकडे एक टेस्ट होती की प्रत्येक शब्द जाऊन जसाच्या तसा परत आला पाहिजे. ती टेस्ट खोटी आशा देत होती. तिच्या यादीत ऱ असलेला एकही शब्द नव्हता. ती मी काढली. नाव एकाच ठिकाणी, देवनागरीत साठवा. गुजराती रूप छापतेवेळी तयार करा आणि ते कुठेही साठवू नका. तुमच्याकडे गुजराती रकाना आधीच भरलेला असेल आणि देवनागरी त्यातून काढायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. नावं माणसांना विचारून भरावी लागतील. मंडळाने तसंच केलं, दोन रविवार लागले.

‘ॲ’चं प्रकरण

हे लवकर सांगून होईल. ॲ हे स्वतंत्र अक्षर (०९७२) युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचा मजकूर ‘अ’ आणि ‘ॅ’ अशा दोन चिन्हांनी लिहिलेला असतो, आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच देतात. हिंदी आणि गुजराती कळफलकांच्या सवयीतून ‘ऍ’ (०९०डी) येतं. म्हणजे इथेही तीन रूपं, आणि इथे एनएफसी एकालाही दुसऱ्याशी जोडत नाही. मराठी भाषा निवडलेली असेल तर लायब्ररी तिन्ही रूपं ०९७२ वर आणते. २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले गेले, तेव्हा कोणतं रूप धरायचं याबद्दल मनात शंका ठेवायचं कारण नाही. ‘अ’ला ‘ॉ’ जोडून केलेला ऑ आणि ‘अ’ला काना जोडून केलेला आ हीसुद्धा त्याच जातीची रूपं. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधून रूपांतर केलेल्या मजकुरात ती ढिगाने सापडतात.

टेस्ट अशा लिहा

आता ज्यामुळे हा इश्यू खरोखर पुन्हा पुन्हा उघडत होता, ते. दुरुस्ती योग्य होती, टेस्टही लिहिली होती, तरी काही महिन्यांनी दोष परत. एका रात्री मी जुने कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, एकेक करून बघत होते. एका कमिटमध्ये एक ओळ लाल, म्हणजे काढलेली, तिच्या खाली एक ओळ हिरवी, म्हणजे नवी. लाल ओळीत ‘वऱ्हाड’, हिरव्या ओळीत ‘वऱ्हाड’. अक्षरन् अक्षर तेच. मी दोन्ही ओळी बराच वेळ बघत बसले. मग दोन्हींचे आकडे काढले. लाल ओळीत ०९३सी होतं, हिरव्या ओळीत ०९३१. कुणाच्या तरी एडिटरने फाइल जतन करताना मजकूर आपणहून एका रूपात आणला होता. त्यामुळे टेस्ट आता पहिल्याच तऱ्हेचा शब्द आत देत होती आणि पहिलीच तऱ्हा बाहेर येते का ते बघत होती. तिला नापास व्हायला जागाच उरली नव्हती. ती पुल रिक्वेस्ट मीच तपासून मर्ज केली होती. डोळ्यांना दिसणारा फरक नव्हता, म्हणून मी पुढे गेले होते.

त्या दिवसापासून नियम असा : या विषयावरच्या टेस्टमध्ये देवनागरी अक्षरं थेट लिहायची नाहीत. आत जाणारा शब्द आणि अपेक्षित उत्तर, दोन्ही एस्केप केलेल्या आकड्यांत, म्हणजे अक्षराऐवजी त्याचा कोड पॉइंट देऊन, लिहायचे. शब्द वाचता यावा म्हणून शेजारी कॉमेंटमध्ये देवनागरी. वाचायला कुरूप आहे, मान्य. पण आकडा कुठलाही एडिटर बदलत नाही. शिवाय सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत, आता एक तपासणी आहे जी टेस्टच्या फाइलमध्ये कॉमेंटबाहेर देवनागरी दिसली तर बिल्ड लाल करते. तुमच्या प्रकल्पातही हा दोष एकदा दुरुस्त होऊन परत आला असेल, तर कोडआधी टेस्टच्या फाइलचे आकडे काढून बघा.

आधीच साठवलेला डेटा

लायब्ररी अपडेट केली की नवा मजकूर नव्या रूपात येईल आणि जुना मजकूर जुन्याच रूपात पडून राहील. म्हणजे शोध आधीपेक्षाही कमी जुळेल, आणि एकाच सभासदाच्या दोन नोंदी होतील. हे अनेकांना अपडेटचा दोष वाटतं. म्हणून हा बदल मी छोट्या आवृत्तीत न देता मोठा क्रमांक बदलून दिला, आणि सोबत जुना डेटा एकदा फिरवून घेणारी स्क्रिप्ट दिली आहे. ती चालवण्याआधी बॅकअप घ्या. मूळ मजकूर एका रकान्यात जसा आला तसा राहू द्या, किल्ली वेगळ्या रकान्यात ठेवा. किल्ली कधीही पुन्हा बनवता येते, मूळ मजकूर येत नाही. ज्या नावांतलं झेडडब्ल्यूजे सफाईत आधीच गेलं आहे ती स्क्रिप्ट दुरुस्त करू शकत नाही. ‘र्ह’ असलेल्या आणि शब्दाच्या मध्ये ‘र्य’ असलेल्या नोंदींची यादी ती काढून देते, निर्णय माणसाने घ्यायचा. ‘सूर्यवंशी’ बरोबर आहे आणि ‘बर्हाटे’ चूक आहे, हे यंत्राला शिकवायच्या भानगडीत मी पडले नाही.

याच कुळातल्या आणखी तीन तक्रारी येतात, त्या थोडक्यात. पायथनच्या मूळच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्द पकडणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्रांना अक्षर मानत नाही; ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. साच्यात अक्षरांबरोबर मात्रांचा वर्गही घ्या किंवा ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल वापरा. दुसरी, एनएफसीनंतर ‘ज़’ची लांबी वाढली ही तक्रार : तो दोष नाही, नुक्तेवाली ती आठ अक्षरं एनएफसीमध्ये मोडलेलीच राहतात. तिसरी, अक्षरं मोजणारी टेस्ट प्लॅटफॉर्म बदलल्यावर नापास होणं. २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून ‘क्ष’सारखं जोडाक्षर मोजताना एकच धरतात, त्याआधी दोन धरत, तुमचा प्लॅटफॉर्म कोणत्या आवृत्तीवर आहे ते बघून टेस्ट लिहा.

हे सगळं करूनही शब्द जुळत नसेल तर इश्यू जरूर उघडा. पडद्याचं नुसतं चित्र पाठवू नका, चित्रात तिन्ही तऱ्हा सारख्याच दिसतात. न जुळणाऱ्या दोन्ही शब्दांचे कोड पॉइंट, लायब्ररीची आवृत्ती, कॉन्फिगमधली भाषा, आणि मजकूर आत येताना त्याच्यावर आणखी कोणती सफाई चालते ते लिहा. शब्द इश्यूत थेट चिकटवलात तर वाटेत तो बदलू शकतो, म्हणून आकडे वेगळे लिहा. टेस्टच्या संचात सध्या वऱ्हाड, कऱ्हा, गोऱ्हा, तऱ्हा, बिऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या, दोऱ्या, सुऱ्या, नवऱ्याला, आचाऱ्यास आणि बऱ्हाणपूरकर एवढे शब्द तिन्ही तऱ्हांनी आहेत. तुमच्या घरातलं, गावातलं, आडनावातलं ‘ऱ’वालं नाव यात नसेल तर तेही आकड्यांसह पाठवा, मी संचात घालते.